पावणेचार स्टार: निशी-कासाईतलं आमच्या कोपऱ्यावरचं पानाचं दुकान

आधीच सांगून ठेवते, हे खायच्या पानाचं दुकान नाहीये, कात चुना बडीशेप गुलकंद काही मिळणार नाही, त्या आशेने आलात तर माघारी फिरा. जपानीत पावाला पान म्हणतात (त्यातला आ जरा आखूड, म्हणजे 'पन' आणि 'पान'च्या मधे कुठेतरी), दुकानाला म्हणायचं 'या', म्हणून बेकरी म्हणजे पान-या. टोकियोत नवीन आलो तेव्हा शेजारच्या आजींनी हातवारे करून करून सांगितलं की कोपऱ्यावर चांगलं पान-या आहे, आणि मी घरी येऊन नवऱ्याला म्हंटलं अरे इथे पानवाला आहे, बहुतेक कोणीतरी बनारसवाल्याने टाकलंय, निशी-कासाईत आपली एवढी लोकं आहेत तर चालत असेल. तो बिचारा संध्याकाळी जेवण झाल्यावर मुद्दाम चपला घालून गेला आणि हातात पावाची पिशवी घेऊन परत आला.

तेव्हापासून दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा तरी जाणं होतं, म्हणून रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं समजते. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि काका-काकू दोघंच चालवतात, उगाच कशाला. निशी-कासाईत राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच.

दुकान किती मोठं, तर आमच्या डोंबिवलीच्या घराच्या हॉलपेक्षा लहान. आत शिरलं की ट्रे आणि चिमटा उचलायचा, लाकडी फळ्यांवर माल मांडलेला असतो त्यातून आपला आपण घ्यायचा, बोट लावायचं नाही. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला तो चिमटा हातात मिळाला की तो चिमट्याने टाळ्या वाजवतो आणि काकू दर वेळेला हसतात, हे हसू खरं की जपानी हे मला अजून कळलेलं नाही.

तर मुद्दा पावाचा. आमच्याकडे हा एक शब्द घरात रोज गोंधळ घालतो. पोरगं इथल्या योचिएनमध्ये म्हणजे बालवाडीत जातं, त्यामुळे त्याच्या तोंडात पान बसलंय. मागच्या महिन्यात आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि हा मधेच ओरडला, आई मला पान दे, बटर लावून दे. आई तिकडून, "अगं एवढ्याशा पोराला पान कसलं खायला देतेस? आणि बटर लावून?" मी सांगितलं अगं पाव गं, इथे पावाला पान म्हणतात. तर ती म्हणाली, "पावाला पान, मग पानाला काय म्हणतात?" पानाला हा म्हणतात. झाडाचं पान म्हणजे 'हा', किंवा 'हाप्पा'. आई म्हणाली जाऊदे, तू त्याला पोळी दे.

पण गंमत बघा, पाव आणि पान हा मुळात एकच शब्द आहे, नुसता सारखा वाटत नाही तर खरोखर एकच. पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडे ब्रेडला जे म्हणतात ते नाकातून बोलायचं, साधारण पांव, लिहिताना आ वर लाट काढतात. त्याच्यामागे लॅटिनचा पानिस. त्याच पानिसचं इटालियनमध्ये पाने झालं, स्पॅनिशमध्ये पान, फ्रेंचमध्ये पँ, आणि पोर्तुगीजांनी शेवटचा न गिळला तो गिळला पण नाकात थोडा ठेवला. १५१० मध्ये ते गोव्यात बसले, १५४३ मध्ये त्यांची माणसं जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली (बंदूक जपानात आली ती पण तिथेच), मागून व्यापारी आले, पाद्री आले. जपान्यांना तो नाकातला आवाज काही जमेना, त्यांनी सरळ न केला, पान. कोकणीने नाक जपलं, अजून पांव म्हणतात. आपण घाटावर येईपर्यंत अनुस्वार सुद्धा उडवून टाकला, पाव. आणि पाद्री म्हणाले तर तो पण तसाच, आपल्याकडे पाद्री राहिला आणि जपान्यांनी त्याचा बातेरेन केला. हे कळल्यावर मला या दुकानात जरा माहेरचं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

आणि जपान्यांना हे माहीत असतं. मी काकांना मोठ्या फुशारकीने सांगायला गेले की पान हा पोर्तुगीज शब्द आहे बरं का, तर ते म्हणाले हो हो, पोरुतोगारु, शाळेत शिकवतात. आपल्याकडे किती जणांना माहितीये सांगा. माझी आजी वेंगुर्ल्याची, ती शेवटपर्यंत सांगायची की पायाने मळतात म्हणून पाव, आणि म्हणून ती खायची नाही. चहाबरोबर आम्ही पाव बुडवायला लागलो की नाक मुरडून आत जायची. दुसरी थिअरी व्हॉट्सॅपवर फिरते की एका पावाचे चार भाग म्हणजे पाव पाव, म्हणून पाव. अरे पण लादीत कधी सहा असतात कधी आठ कधी बारा, मग एक अष्टमांश द्या असं मागायचं का वडापाववाल्याकडे? आणि आजीला आता सांगता येत नाही पण पायाने मळलेली कणिक इथे जपानात खरंच असते, उदोनची. सानुकी उदोन म्हणून जाड शेवया असतात त्यांचं पीठ पिशवीत घालून रीतसर पायाने तुडवायची पद्धत आहे. आजीने उदोन खाल्ले नसते, पावाचा मात्र काही दोष नव्हता.

आजीचं पूर्ण चुकलं असंही नाही, कारण आपल्या मराठीत पाव नावाची तीन वेगवेगळी मंडळी एकाच घरात राहतात. एक हा पोर्तुगीज, खायचा. दुसरा पावकिलो, पावशेर, पावली (म्हणजे चार आणे, रुपयाचा पाव) यातला, तो संस्कृत पादापासून आला, म्हणजे पायच, चार पायांपैकी एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हिंदीतला पाँव पण तोच. आणि तिसरा देव पावला मधला, तो प्राप्त होणे मधला, पोचणे मिळणे, त्यातूनच पावती. म्हणजे पावकिलो पाव घेतल्याची पावती हे वाक्य बोललात तर तिघांनाही एका ओळीत बसवलंत. दुसऱ्याचा हात तर अजून लांब जातो, पाऊण म्हणजे पाद ऊन, एक पाव कमी, आणि पावणेदोन पावणेतीन मधला पावणे पण तोच, सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी धडाधड म्हणायचे, औटकी सुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. मला १३ चा येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण की मी या दुकानाचे स्टार पाव पावने कापणार आहे. पाचपासून सुरू करू.

पहिला पाव गेला किमतीत. सहा तुकड्यांच्या पावाला ४२० येन. तेवढ्या पैशात डोंबिवलीत अर्धा मजला पावभाजी खाईल. इथल्या मानाने महाग नाही असं इथले सांगतात, ठीक आहे, मी माझ्या मानाने कापला.

आता हा सहा तुकड्यांचा पाव म्हणजे काय ते सांगते कारण यासाठीच तर सगळा खटाटोप. इथे आल्यावर पावभाजीची सगळ्यात मोठी अडचण पाव. मसाला मिळतो, बटाटे वाटाणे मिळतात, आमच्या भागात इंडियन स्टोअर्स पण आहेत, पण लादीपाव नाही. आधी बटर रोल वापरून बघितले, सुपरमार्केटचे, ते दुधाचे गोड असतात, भाजीबरोबर शिकरण खाल्ल्यासारखं लागतं. मग शोकुपान म्हणजे आपला स्लाइस ब्रेड, तो इथे 'किन'वर विकतात. किन हे जुनं वजनाचं माप आहे, पावाचा एक किन म्हणजे निदान ३४० ग्रॅम असला पाहिजे असा नियम आहे. (पाव मापाने विकणारे फक्त आपणच नाही तर, बरं वाटलं.) एका किनचे चार काप, पाच काप, सहा काप असे मिळतात आणि चार कापवाला एक तुकडा म्हणजे उशी. सुंदर असतो, पण पावभाजीला ब्रेड म्हणजे शेवटचा उपाय, ते तुम्हालाही माहितीये.

एक दिवस काकांना फोनवर लादीचा फोटो दाखवला. तव्यावरचा नको, बेकरीतला, अख्खी लादी, वरून तपकिरी आणि एका कोपऱ्यातून तोडलेली. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी फाडल्यासारखं केलं. "आ, चिगिरी-पान!" चिगिरी म्हणजे तोडून घ्यायचा. चिकटून भाजलेले गोळे, हाताने तोडायचे. लादीच की! फक्त त्यांची लादी चौकोनी गोंडस, कधी वर मांजराचे डोळे वगैरे काढलेले, लहान मुलांसाठी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साधी, डोळे नसलेली, काढून ठेवली माझ्यासाठी.

घरी आणून तोडली. आता इथे जरा थांबते. लादीतला पाव दुसऱ्या पावापासून तोडला की बाजूला जो पांढरा उघडा भाग दिसतो ना, रेषा रेषा असलेला, कापसासारखा, तो बघून मी ओळखते पाव कसा आहे. आपल्याकडे तो कोरडा असतो, हात लावला की भुगा पडतो, आणि म्हणूनच तो भाजी पितो. यांचा ओलसर निघाला, ओढला तर च्युइंगमसारखा जरा लांबला. जपानीत याला दोन शब्द आहेत, फुवाफुवा म्हणजे आपलं लुसलुशीत, आणि मोचीमोची म्हणजे मोचीसारखं (तांदळाचा चिकट गोळा असतो तो) चिवट मऊ, त्यांना पाव दोन्ही लागतो. मला नको मोचीमोची. मधून कापून तव्यावर बटर टाकून ठेवला तर मिनिटभरात काळा! साखर. साखर आणि दूध असल्यावर तव्यावर लगेच करपतो, आणि आत मात्र थंडच. भाजी उत्तम झाली होती. दुसरा पाव स्टार तिथे गेला.

मी काकांना सांगितलं साखर कमी कराल का. ते दात ओढून श्वास आत घेऊन म्हणाले, "मुझुकाशीइ ने..." शब्दशः अर्थ अवघड आहे. खरा अर्थ नाही. इथे राहणाऱ्यांना कळेल.

तीन-चार महिने तो विषय संपला होता. मधल्या काळात मी दुकानातलं बाकीचं सगळं खाऊन बघितलं, त्यातलं आनपान म्हणजे या दुकानाची शान. आन म्हणजे लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, पुरणच म्हणायचं दुसरा शब्द नाही, आणि ते पावाच्या आत. पहिल्या घासाला मला होळी आठवली. वेलची नाही, जायफळ नाही, पण ते शिजवून आटवलेल्या डाळीचं जे असतं ना जिभेवर दाटसर, तेच. वर मधोमध खारवलेलं चेरीचं फूल दाबलेलं असतं, गोडात मधेच खारट. हे टोकियोच्या गिन्झातल्या किमुराया बेकरीने १८७४ साली काढलं आणि पुढच्या वर्षी सम्राट मेइजीला नेऊन दिलं, ते फूल त्यावेळचं. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं तर तेव्हा त्यांच्याकडे पावाचं यीस्ट हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी साके म्हणजे तांदळाची दारू करायला जे खमीर वापरतात त्यावर पीठ फुगवलं. आणि आपल्याकडे गोव्यात काय केलं? माडाची सूर! दोन्ही टोकांना एकाच पोर्तुगीज शब्दाला गावच्या दारूने फुगवलंय. माझा मामा म्हापशाला नोकरीला होता, सकाळी पोदेर यायचा सायकलवर, मागे मोठी टोपली वर निळं प्लास्टिक, पों पों भोंगा, त्यात उंडे, पोई, काकणं, कातरे पाव. पोदेर पण पोर्तुगीजच, पादेइरो, म्हणजे पाववाला. मामी उंड्याला आंबूस वास आला की खूश व्हायची. आता बहुतेक ठिकाणी सूर जाऊन यीस्ट आलंय. इथल्या काकांना विचारलं तुम्ही साकेचं खमीर वापरता का, तर नाही म्हणाले, परवडत नाही, वेळ लागतो. प्रामाणिक माणूस आहे, त्याबद्दल काही कापत नाही.

कापते ते कारे-पानबद्दल. कारे म्हणजे करी, पावात करी भरून ब्रेडक्रम्स लावून तळलेला गोळा, दिसायला डिट्टो आपला ब्रेड रोल. कार्डावर नुसतं कारे-पान लिहिलेलं, बटाटा असेल असं मी मनानेच ठरवलं आणि अर्धा खाल्ल्यावर कळलं आत पोर्कचा खिमा आहे. आम्ही अंड्यापर्यंत जातो पुढे नाही. चूक माझी पण आहे, विचारायला हवं होतं, पण कार्डावर दोन शब्द लिहायला काय जातंय, एवढी इंडियन लोकं राहतात आसपास. तिसरा पाव. काकूंनी नंतर माफी मागितली, चार वेळा वाकल्या, त्यामुळे मलाच कसंतरी झालं. कार्ड मात्र अजून तेच आहे.

बाय द वे ते ब्रेडक्रम्स, आपल्याकडे आता सगळे कुकिंगवाले पॅन्को पॅन्को करतात ना, मुंबईत मॉलमध्ये महागाचं पाकीट मिळतं? तो पान-को. को म्हणजे पीठ, भुगा. पावाचा चुरा! हाच पाव मुंबईतून नाही तर जपान मार्गे इंग्रजीतून फिरून नवीन नाव लावून परत आलाय आणि आपण दुप्पट पैसे देऊन घेतोय. ऑफिसमधल्या कोरियन मुलीने सांगितलं त्यांच्याकडे प्पांग, तो जपान्यांकडून गेलेला, आणि श्रीलंकेत सरळ पान, तिथे पोर्तुगीज स्वतःच गेले होते. आणि ज्या कंपनीत आम्ही दोघी बसून हे बोलत होतो त्या कंपनी शब्दात पण लॅटिनचा पानिस आहे, सोबत पाव खाणारे ते कंपनी. आमच्या कंपनीत कोणी कोणाला पाव देत नाही ते सोडा.

पावाच्या कडेला इथे मिमी म्हणतात, म्हणजे कान. पावाचे कान. हे कान कापून पिशवीत भरून काउंटरच्या खाली ठेवलेले असतात, ५० येनला भली मोठी पिशवी, मागितली तरच देतात. त्याचा मी फोडणीचा पाव करते, कांदा मोहरी हळद मिरची, वरून कोथिंबीर. ४२० ची लादी आणि ५० चे कान, या दुकानात खरी वसुली कानांची आहे. मागताना "पान नो मिमी" म्हणायचं.

चौथा पाव स्टार प्लॅस्टिकला. सात वस्तू घेतल्या तर सात छोट्या पिशव्या, त्या मग एका मोठ्या पिशवीत, आणि मोठीचे वेगळे पैसे. मी एकदा डबा घेऊन गेले तर काकूंनी डब्यात ठेवायच्या आधी प्रत्येक पाव पिशवीत घातला.

पाचवा, वेळेचा. सातला उघडतात, साडेदहानंतर गेलात तर फळीवर दोन मेलन-पान उरलेले (त्यात मेलन नसतं, नुसता वरून तसा दिसतो) आणि काकू पुसत असतात. सोमवार मंगळवार बंद. कधी कधी बुधवारी पण बंद, दारावर कागद, कारण नाही. आपल्याकडे दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्यांना नावं ठेवतात, त्यांनी इथे येऊन बघावं.

तर पाच पाव गेले, उरले पावणेचार. यातच पाव आहे हे आता तुम्हाला कळलं असेल.

लादीचं पुढे काय झालं ते राहिलं. फेब्रुवारीत एकदा मी कान घ्यायला गेले होते तर काका आतून पिठाचे हात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले तुमच्या त्या पाओचं (मी पाव शिकवलं होतं, ते पाओ म्हणतात, जे खरं तर मूळ पोर्तुगीजच्या जास्त जवळ आहे) दोन ट्रे एकदम घेणार असाल तर साखर कमी करून देतो, गुरुवारी सांगायचं, शनिवारी सकाळी न्यायचं. दोन ट्रे म्हणजे ४८ पाव. आमच्या बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर टाकलं, वीस मिनिटांत ६० पावांची मागणी आली, एका घरातून तर फक्त मिसळीसाठी १२. शनिवारी घेऊन आले, तव्यावर टाकला, करपला नाही. मोचीमोचीपणा थोडा आहेच, तो दुधाचा, दूध काढायला काका तयार नाहीत, ते म्हणतात मग तो पाव राहणार नाही. मी म्हंटलं आमच्याकडे तोच पाव आहे. ते म्हणाले "मुझुकाशीइ ने."

रोख पैसे न्या, कार्ड घेत नाहीत. आनपान सकाळी आठच्या आत.